कथील रडलं आणि मी ऐकलं

कथील वाकवलं की रडतं. बोटाएवढी कांडी दोन्ही हातांत धरायची, कानाजवळ न्यायची आणि हळू वाकवायची. आतून कर्र असा आवाज येतो, भातात खडा लागल्यासारखा. शिसं मुकाट वाकतं. कथलात शिसं मिसळलेलं असलं की रडणं दबतं. माझे वडील तांबट होते. रत्नागिरीत त्यांचं दुकान होतं आणि कल्हईचं कथील विकत घेताना ते एकेक कांडी अशी कानाशी धरायचे. मला हे सहाव्या वर्षी येत होतं. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, पण धातू मी कानाने आणि हाताने शिकले. त्यामुळे धातूतलं मला सगळं कळतं असं मी समजत होते. त्या समजापायी आमच्या घरात काय झालं ते लिहिते.

मला दिलं पावसच्या बाजूला, वाडीत. माझे यजमान बोटीवर इंजिनात तेल घालायच्या कामावर होते. तीस वर्षं ते वर्षातून महिना दीड महिना घरी यायचे आणि पाहुण्यासारखे जायचे. नोकरी संपवून कायमचे आले तेव्हा ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मुलगा मुंबईला लागला होता. वाडीत वीज आली होती. घरोघर स्टीलची भांडी शिरली होती आणि माझ्या माहेरचा भाता कायमचा बंद पडला होता. घरात आम्ही दोघंच, आणि आमची ओळख तशी नवीच.

त्यांच्याबरोबर त्याच महिन्यात बोटीवरून उतरलेला एक सोबती शेजारच्या वाडीत होता. दिवसभर दोघं एकत्र असायचे. एक दिवस तो पायरीवर बसून चप्पल घालता घालता कलंडला तो संपलाच. तेव्हापासून ह्यांनी स्वतःची नाडी धरून बसायला सुरुवात केली. जेवताना नाडी, चहा घेताना नाडी. मी म्हटलं, एवढी वर्षं यंत्राला तेल घातलंत, आता स्वतःचं यंत्र ऐकत बसलात. ते हसले नाहीत. मरणाची भीती बसलेल्या माणसाला बायकोची थट्टा ऐकू येत नाही. माझ्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

दसऱ्यानंतर ते मुलाला भेटून मुंबईहून आले. हातखंब्याला उतरून रत्नागिरीची गाडी धरायची होती, ती दीड तास आली नाही. तिथे चहाच्या टपरीवर त्यांना एक माणूस भेटला. ह्यांच्या मनगटातलं तांब्याचं कडं बघून तो म्हणाला, तांबं सूर्याचं, पण तुमचा बिघाड चंचळपणाचा आहे, तांब्याने तो जायचा नाही. एवढ्यावर माझे यजमान त्याला घरी घेऊन आले. बरोबर मुलाने दिलेली छत्री होती, ती टपरीवर विसरले.

माणूस पन्नाशीचा असेल. अंगाने काटकुळा, पांढरी लुंगी, पांढरा सदरा, खांद्याला खाकी पिशवी. भगवं काही नाही, गळ्यात माळ नाही. मला त्यानेच आधी संशय आला. सोंग घेतलेलं दिसलं असतं तर निदान सोंग म्हणून ओळखता आलं असतं. लोक पुढे त्याला बुवा म्हणायला लागले, मीही तसंच लिहिते. मी चहा दिला तेव्हा त्याने कप दोन्ही हातांनी घेतला, तरी बशीत सांडला. हिरड्या काळ्या पडलेल्या. पुढचे दोन दात नव्हते. मी मनात म्हटलं, हा पिणारा आहे. पुढे महिनाभर मी त्याची पिशवी, उशी, अंथरूण सगळं हुंगून पाहिलं. दारूचा वास कधी आला नाही. मी म्हटलं, हुशार पिणारा आहे.

आमच्या कलमांच्या बागेच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक मांगर होता. आंबे उतरवले की पेट्या भरायला वापरायचा, बाकी वर्षभर रिकामाच. तो बुवाला दिला. तिथे त्याने दगडी खल मांडला, कोळशाची शेगडी मांडली, आणि माझे यजमान त्याचे शिष्य झाले. बाईमाणसाने आत यायचं नाही असा नियम. मी डबा घेऊन जायची तो दाराबाहेर ठेवायची. पण मांगराला भिंती कुडाच्या. बाहेर उभं राहिलं की आतलं सगळं ऐकू येतं, आणि मला घाई नसायची.

तो काय शिकवायचा ते सांगते. पारा हा शंकराचं बीज. गंधक देवीचं रज. दोन्ही खलात घोटले की काजळीसारखी काळी पूड होते, ती दोघांची भेट. प्रत्येक धातू एकेका ग्रहाचा. तांबं सूर्याचं, चांदी चंद्राची, सोनं गुरूचं, लोखंड शनीचं, शिसं बुधाचं, कथील शुक्राचं. मी तांबटाची मुलगी. आयुष्यभर नवसागराच्या धुरात खोकत कथील घासताना आपण शुक्राला हात लावतोय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान हात धुऊन लावला असता.

पण त्याचा सगळा जीव पाऱ्यात. तो म्हणायचा, पारा आणि मन एकाच जातीचे. दोन्ही हातात येत नाहीत, दोन्ही बसत नाहीत. दोन्ही आगीवर धरले की उडून जातात. माणसाचा प्राणही तसाच, म्हणून तो जातो. पारा उडतो कारण त्याच्या अंगात दोष आहेत. घोटून घोटून ते काढायचे, विटेच्या पुडीत, लसणीच्या रसात, लिंबात. मग वनस्पतीच्या रसाने तो बांधायचा, म्हणजे घट्ट करायचा. घट्ट झालेल्या पाऱ्याचं लिंग करायचं. ज्याने आपल्या हाताने पारा बांधला त्याचा प्राण बांधला गेला.

आता ध्यानात घ्या, हे ऐकणारा माणूस दिवसभर नाडी धरून बसलेला. त्याला आणखी काय हवं.

मी एकदा कुडाबाहेरूनच विचारलं, "बुवा, पारा बांधलेला माणूस मरतच नाही का?"

आतून उत्तर आलं, "मरतो, वहिनी. पण घाबरत नाही."

हे उत्तर मला आवडलं नाही. भोंदू माणूस असा मोजून बोलत नाही, म्हणून हा मोठा भोंदू असं मी ठरवलं.

पहिल्या दिवशी त्याने मला दारात बोलावून पारा दाखवला होता. काचेच्या बशीत एक मोठा थेंब. बशी हलवली की थेंब पळायचा, फुटायचा, पुन्हा एक व्हायचा. मी तोवर पारा लांबूनच पाहिलेला. वडील कधी कधी देवळाच्या मुखवट्यांना सोन्याचा मुलामा द्यायचे. सोनं पाऱ्यात कालवायचं, मुखवट्याला फासायचं आणि आगीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. त्या दिवशी आम्हां पोरांना मावशीकडे धाडायचे. वडील हातातली अंगठी काढून ठेवायचे, आईच्या पाटल्या उतरवायला लावायचे, आणि मागल्या अंगणात वाऱ्याकडे पाठ करून ते काम करायचे. मावशी म्हणायची, पाऱ्याचा धूर माणसाला आतून खातो. अंगठी का काढायची ते मात्र मी कधी विचारलं नाही.

म्हणजे पारा वाईट हे मला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहिते. मला ठाऊक नव्हतं असं म्हणून सुटायचं नाही.

मग बुवाने यजमानांना सांगितलं की बोटातली अंगठी काढा, पाऱ्यासमोर सोनं आणायचं नाही, पारा सोनं गिळतो. मी म्हटलं, आलं. शेवटी सोन्यावर आलं. अंगठी मीच काढून घेतली, माझ्या ट्रंकेत ठेवली आणि किल्ली पोलक्यात. मला वाटलं, आता बघू काय गिळतो ते. बुवाने अंगठीबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. चांगलं वागणाऱ्या माणसावर माझा संशय जास्त बसतो, हा माझा स्वभाव. बोटीवरच्या माणसाची बायको म्हणून तीस वर्षं एकटीने घर चालवलं, ह्याच स्वभावावर चालवलं.

मार्गशीर्षात कलमांना मोहर धरायला लागला. मी गड्यांच्या मागे बागेत होते. मांगराच्या मागे राखेचा ढीग, त्यात काही चमकलं. काढलं तर कथलाची कांडी, अर्धी वितळलेली, करंगळीएवढी उरलेली. पुसली, कानाशी धरली, वाकवली. रडली. चांगली खणखणीत रडली, शिसं नसलेलं चोख कथील.

तिथेच उभी राहून मी हसले. सगळा उलगडा झाला. वनस्पती नाही, लसूण नाही, शंकर नाही. एक थेंब पारा बशीत दाखवायला ठेवला, आणि बाकी सगळं कथील. वितळवायचं, साच्यात ओतायचं, पाऱ्याचं लिंग म्हणून पुढे करायचं. आम्ही त्याच कथलाची भांड्यांना कल्हई करून जन्म काढला. जगातली सगळी माणसं फसवली असतीस, म्हटलं, पण तू तांबटाच्या मुलीच्या मांगरात येऊन कथील ओतलंस.

खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. कथलाने माणसाला काही होत नाही. आंबट आमटी कल्हईच्या भांड्यातच करतात, ती तांब्यात कळकू नये म्हणून. तेव्हा घोटू देत किती घोटायचं ते. दंड-बैठका समजायच्या.

त्याच दिवशी यजमानांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बुवाने महाशिवरात्रीला लिंग मांडायचं जाहीर केलं होतं, वाडीतली माणसं जमणार होती. त्यांच्यासमोर कांडी वाकवून दाखवायची असं मी ठरवलं. घरात सांगितलं असतं तर ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नसता, हे एक कारण. पण मोठं कारण ते नव्हे. चार माणसांत त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. त्यासाठी मी कांडी तिखटाच्या डब्यात लपवून अडीच महिने थांबले.

त्या अडीच महिन्यांत हे बदलत गेले. आधी तोंडाला पाणी सुटायला लागलं, उशी ओली व्हायची. मग हिरड्या सुजल्या, भाकरी नको म्हणायला लागले, पेज मागायचे. तोंडात धातूची चव येते म्हणाले. मी म्हटलं, विड्या कमी करा. मग माणसांना लाजायला लागले. शेजारीण आली तर आतल्या खोलीत जायचे. आणि बारीकसारीक गोष्टीवरून संतापायचे, मग रडवेले व्हायचे. इंजिनात काम केलेला माणूस, कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

आणि हात. त्यांच्या हातांना बोटीची सवय होती. घरी आले की दोरीच्या गाठी मारत बसायचे, सुंभाची, काथ्याची, कसलीही. विहिरीचा पोहरा बांधायचा तर वाडीतून बोलावणं यायचं. पौषात एकदा ते ओटीवर बसून दोरीचं टोक त्याच फासातून ओवायला बघत होते, आणि टोक फासाच्या बाजूने जात होतं. पुन्हा पुन्हा. मी जवळ गेले आणि त्यांचं तोंड हुंगलं.

"काय करतेस?" ते म्हणाले.

"तुमच्या गुरूने तुम्हालाही पाजायला सुरुवात केली की काय ते बघत्ये."

त्यांनी दोरी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. ती त्यांची पुढे कायमची सवय झाली, हात मांडीखाली घेऊन बसायची.

महाशिवरात्रीला मांगरासमोर पंधरा-वीस माणसं आली. बुवाने केळीच्या पानावर लिंग मांडलं होतं. अंगठ्याएवढं, राखाडी पांढरं, नव्या रुपयासारखी चकाकी. यजमान शेजारी बसले होते, चेहरा ओढलेला पण खूश. मी पुढे झाले आणि ते हातात घेतलं. बाईने शिवलं म्हणून कोणी कुरकुरलं, मी लक्ष दिलं नाही. हाताला जड लागलं. कथलाच्या मानाने फार जड. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हाताला कळलं आणि मी ते झटकून टाकलं, कारण मला भाषण करायचं होतं.

मी कांडी काढली, म्हटलं, हे बुवांच्या राखेत सापडलं, ऐका. शेजारच्या सड्यावरच्या म्हाताऱ्याच्या कानाशी धरून वाकवली. मग दुसऱ्याच्या. कोणीतरी हसलं. एकजण म्हणाला, "बुवांनु, आमच्या पातेल्यालापण शंकर लावून द्या." मग सगळेच हसले.

बुवा खाली बघत होता. मला वाटलं आता उलटा बोलेल, शाप देईल. तो म्हणाला, "वहिनी बरोबर सांगतात. कथील मी घातलं. रसाने बांधला जाईना. चार वेळा केलं, चार वेळा विरघळला. कथील घातलेलं चालत नाही, पाऱ्यातून काढायच्या दोषांतलाच तो एक. मी लपवलं, हे माझं पाप." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "पण पारा खरा आहे."

मी म्हटलं, "हो तर. बशीतला थेंब खरा होता."

त्याने पिशवी खांद्याला लावली. दुपारच्या एस्टीने गेला. खल आणि शेगडी तिथेच राहिली. पाच-सहा दिवस वाडीत माझं कौतुक चाललं होतं आणि मला ते गोड लागत होतं.

यजमान माझ्यावर रागावले नाहीत, ह्याचं मला नवल वाटलं. त्यांनी एवढंच मागितलं की लिंग घरात राहू दे. म्हणाले, चार महिने घोटलंय, माझ्या हातचं आहे. रोज सकाळी त्याच्यावर गरम दूध ओतायचं आणि ते प्यायचं, एवढं मला करू दे. मी म्हटलं, करा. कथलाचा गोळा आहे, त्यात काय होतंय. त्यांचा हात थरथरायचा म्हणून दूध मीच ओतायची. वाटीत लिंग, वरून कढत दूध, मग वाटी त्यांच्या तोंडाशी. लिंग मी स्वतः राखेने घासून चकचकीत करायची. रात्री ते त्यांच्या उशाशी, कोनाड्यात. खोलीला खिडकी एकच, आणि त्यांना थंडी वाजायची म्हणून ती बंद.

पंधरा दिवस मी हे माझ्या हाताने केलं.

एक दिवस विहिरीवर धुणं धुताना माझी डावी पाटली पांढरी दिसली. एका बाजूला, बोटभर. साबण असेल म्हणून घासली. चिंच लावून घासली. रिठ्याने घासली. पांढरं वाढलंच. जिथे घासावं तिथे चांदीसारखं चमकायचं. माझ्या आईने लग्नात घातलेली पाटली, पंचेचाळीस वर्षं हातातून उतरली नव्हती.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं? बुवाने बदलली. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली पाटली हातात घालून माझी सोन्याची घेऊन गेला. हातातली पाटली हातातून कशी बदलणार हा विचार मी केला नाही. एवढी मी त्या माणसाच्या मागे लागले होते. आता पोलिसात देते म्हणून रत्नागिरीला निघाले. पण घरात दळण होतं, मग बाजाराचा दिवस नव्हता, असं करत चार दिवस गेले. ते चार दिवसही दूध चालूच होतं.

सोनार माझ्या वडिलांच्या ओळखीतला, मुलगा आता दुकानावर बसायचा. मी पाटली उतरवून त्याच्यासमोर टाकली. म्हटलं, बघ, खोटी निघाली, मला लिहून दे. त्याने निरखून पाहिली, मग नखाने पांढरं खरवडलं आणि हात पटकन मागे घेतला. पाटली चिमट्यात धरून मागच्या दारी गेला, रुमाल तोंडाला बांधला आणि हात लांब करून पाटलीवर ज्योत सोडली. मी दारातून बघत होते. पांढरं विरत गेलं आणि खालून सोनं वर आलं, निस्तेज, पण सोनं.

त्याचं ते उभं राहणं मी ओळखलं. वाऱ्याकडे पाठ करून.

तो आत आला. म्हणाला, "आत्ये, पाटली चोख आहे. घरात पारा कोण खेळतं?"

मी खाली बसले. सोनाराच्या बायकोने पाणी आणलं ते घेतलं नाही. वडील अंगठी का काढून ठेवायचे ते मला त्या दिवशी, साठाव्या वर्षी कळलं. आणि बुवाने अंगठी का काढायला लावली, तेही.

तो माणूस खोटा असता तर माझे यजमान बरे राहिले असते. नुसतं कथील असतं तर काही झालं नसतं. कथील थोडं होतं आणि बाकी सगळा खरा पारा होता. चार महिने तो बंद मांगरात कोळशावर तापला आणि ह्यांनी तो धूर घेतला. पुढे वीस दिवस मी घरात तेच केलं. कथील ऐकलं म्हणून दुसरं काही नाहीच असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी यजमानांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी असला रोगी आधी पाहिलेला नव्हता, तसं त्यांनी सांगितलंही. हिरड्या बघितल्या, कागदावर नाव लिहायला लावलं. ह्यांनी लिहिलेलं नाव मला वाचता आलं नाही. मग सगळं विचारून घेतलं. मी काही लपवलं नाही, दुधाचंही सांगितलं. ते म्हणाले, ह्यावर मोठं औषध इथे नाही, मुंबईला न्यावं लागेल, पण आधी ते घरातून काढा, खोली उघडी टाका, कपडे टाकून द्या. हिरड्या भरतील. हातांचं सांगता येत नाही.

लिंग मी काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून, झाकण लावून, सड्यावर कातळाच्या घळीत पुरलं. वर चिरे रचले. जागा कोणाला सांगितली नाही, सांगणारही नाही. लोक तिथे बेल वाहायला लागतील.

मुंबईला नेलं, मुलाने सगळं केलं. हिरड्या भरल्या. लाजणं, चिडणं वर्षभरात गेलं. भाकरी खायला लागले. हात तसेच राहिले. मग त्यांच्या धोतराचा काचा मी मारायची, पोहरा मी बांधायची. मला त्यांच्या गाठी येत नव्हत्या, त्या त्यांनी मला तोंडाने शिकवल्या. टोक वरून, मग मागून, मग त्याच फासातून. मी चुकले की म्हणायचे, "अगो, रडव थोडी, मग येईल." एवढीच त्यांनी त्या सगळ्यावर केलेली थट्टा. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, तिखटाच्या डब्यातली कांडी आणि अडीच महिने. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाडी बघायला हात उचलला. पण थरथरत्या बोटांना नाडी सापडत नाही. त्यांनी हात मांडीखाली घेतला. त्यानंतर त्यांना नाडी बघताना मी पाहिलं नाही.

बुवा मला एकदा पुन्हा दिसला. दोन वर्षांनी, लांज्याहून येताना हातखंब्याला उतरले होते. त्याच टपरीच्या बाकावर बसला होता. आणखी वाळलेला. खाकी पिशवी तीच. मी दोन वर्षं ह्या माणसाला काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्याने मला ओळखलं. आणि मी तोंड उघडायच्या आधी त्याने विचारलं, "त्यांचे हात कसे आहेत?"

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

तो आपल्या हातांकडे बघत होता. गुडघ्यांवर ठेवलेले, तरी हलत होते. म्हणाला, "माझे बावीस वर्षांपासून असे आहेत. गुरूंचेही होते. आम्ही समजायचो, पाऱ्याचा चंचळपणा अंगात शिरलाय. पारा बांधला गेला की हातही बसतील. घोटताना त्यांचे हलायला लागले ते मला मार्गशीर्षाआधीच दिसलं, तुम्हाला दिसायच्या आधी. वाटलं, आता लवकर बांधायला हवा. म्हणून कथील घातलं."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. ह्यात कुठे लबाडी आहे का ते शोधत होते. बराच वेळ शोधलं. सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी त्याला म्हटलं, पारा सोडा, तो धूर आहे, त्याने झालंय, डॉक्टरांनी सांगितलंय. सोनार तोंडाला रुमाल बांधतो आणि वाऱ्याकडे पाठ करतो, एवढं त्या सोनारालाही कळतं. तो मान हलवत होता. पटलं म्हणून हलवत होता की मान आपोआप हलत होती ते मला सांगता येणार नाही.

टपरीवाला दोन कप चहा घेऊन आला. बुवाचा कप काठोकाठ भरलेला. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. मी टपरीवाल्याला सांगितलं, "त्यांना अर्धा दे. आणि बशी नको, पेल्यात दे."

त्याने पेला आणला. बुवा तो दोन्ही हातांत धरून प्याला, सांडला नाही. मी क्षमा वगैरे केली नाही, त्यानेही मागितली नाही. माझी गाडी आली, मी चढले. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं की बुवा भेटला होता. त्यांनी विचारलं, छत्री आहे का त्या टपरीवर अजून. मी म्हटलं, विचारायची राहिली.